देवाची तागडी

मंडळाच्या गणेशोत्सवात स्वयंपाकघरात पाने लावताना एका काकूंनी मला हळूच विचारले, "तू ख्रिस्ती ना गं? मग हे सारं तुला चालतं?" विचारण्यात खोच नव्हती, आपुलकी होती. मी काही म्हणणार तोच बाहेरून "आमटी!" अशी हाक आली आणि उत्तर राहून गेले. ते इथे देते.

आम्ही मूळचे नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातले. आजी पहाटे कंदिलाजवळ बायबल वाचायची. तिच्याकडची प्रत पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची होती. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली निधन होण्याआधी त्यांनी केडगावला ते काम पुरे केले.

'पवित्र' म्हटले की मला लहानपणी सोवळेच आठवे. हे शिवू नको, तिथे जाऊ नको. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थही 'वेगळे काढलेले' असाच आहे. पण वेगळे कशापासून? आजी लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडायची. आरंभी आज्ञा आहे पवित्र होण्याची. पुढे काय येते? शेताच्या कडेचे पीक गरिबांना सोडा, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, वजने-मापे खरी ठेवा. आजी म्हणे, "देवाचं सोवळं तागडीत असतं, पोरी."

पीएच.डी. करून मी औषधांच्या प्रयोगशाळेत लागले आणि तागडी माझ्याच टेबलावर आली. दोन वर्षांपूर्वी एका औषधाचे प्रमाण तपासत होते. किमान ९८.५ टक्के हवे, आले ९८.३. नमुना नव्याने तोलला, तेव्हा ९८.६. वरिष्ठ म्हणाले, "दुसरा आकडा लिही, माल आज जायचाय." कारण शोधल्यावाचून पहिला आकडा टाकता येत नाही, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. पण माझा ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीच्याच हाती. खरे सांगते, मी दुसरा आकडा लिहिला.

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे जाऊन दोन्ही आकडे नोंदवले, आदल्या दिवशी काय केले तेही सहीनिशी लिहिले. माल नऊ दिवस अडकला. चौकशीत कळले की औषध चांगले होते, पहिल्या वेळी तोलण्यात चूक माझीच झाली होती! त्या वर्षी बढती हुकली. वरिष्ठ आजही कामापुरतेच बोलतात. झोप मात्र येते.

मद्यार्क आणि पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा वेगळे करा, मद्यार्क साधारण ९५.६ टक्क्यांवर अडतो. उरलेले पाणी काढायला बाहेरून काही घालावे लागते. माझेही तसेच आहे. स्वतःच्या जोरावर मी काही अंतर जाते, पुढे प्रार्थनेवाचून जमत नाही. आमच्यात त्याला कृपा म्हणतात. आणि बाटली उघडी राहिली की तो मद्यार्क हवेतले पाणी पुन्हा ओढून घेतो, म्हणून हे काम रोजचेच.

तर काकू, पाने वाढल्याने माझे पावित्र्य बिघडत नाही, खोट्या आकड्याने बिघडते. यंदाही हाक मारा. मोदकांची पिठी मी तोलून आणीन, दोनदा!