चिलापीचा कुलवृत्तांत

गेल्या उन्हाळ्यांत पुष्कळ वर्षांनीं माकणीला जाणें झालें. वडिलांचें शेत जेथें होतें, तेथें आतां निम्न तेरणा धरणाचें पाणी आहे. तेव्हां शेत पाहण्याऐवजीं मी कांठावर पाणी पाहत उभा राहिलों. एक वृद्ध भोई होडी कांठाला लावून जाळें सोडवीत होता. लहानपणीं तेरणेंत पाहिलेली मरळ दिसेल या आशेनें मी डोकावलों. पाहतों तों करड्या रंगाची, पाठीवर कांटेरी पर असलेली नुसती चिलापी!

"ही परदेशी अवलाद येथें कशी आली हो, बाबा?" मी कांहींशा तिरस्कारानें विचारलें.

"आमी तर हिलाच बघत आलोय," तो म्हणाला. "मरळ घावली तर सण. रोजची भाकर हिच्यावर."

घरीं परतल्यावर मीं या माशाचा कुलवृत्तांत धुंडाळला. चिलापी म्हणजे तिलापिया. तिचा मूळ प्रांत आफ्रिकेचा आग्नेय भाग, झांबेझी नदीचा परिसर. १८५२ सालीं पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानें तिचें वर्णन करून मोझांबिकवरून तिला नांव दिलें. पुढें १९३९ च्या सुमारास जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ती मुजैर नांवाच्या गृहस्थास सांपडली. गोड्या पाण्यांत ती वाढविण्याच्या त्याच्या खटपटींत अनेक मासे मेले व अखेर पांचच तगले, असें सांगतात. तिकडे ती आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. आशियांत पसरलेल्या या जातीची वंशावळ बहुतांशीं अशा मूठभर पूर्वजांपाशीं जाऊन थांबते. भारतांत ती १९५२ सालीं आली. १९५९ सालीं तिच्या प्रसारास बंदी झाली खरी. पण माशाला हुकूम वाचतां येत नाहीं.

पूर्वज थोडे, म्हणून वंशबीजांतील विविधताही थोडी. मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते, त्यामुळें पिलें जगतात फार. दोन-तीन महिन्यांचीं झालीं कीं तींही विणीस लागतात. मग तळीं भरतात, मासे खुजे राहतात आणि मूळच्या माशांच्या तोंडचा घांस जातो. माझा राग अगदींच अनाठायीं नव्हता.

परंतु पुढचें पान वाचून मी थबकलों. मोझांबिकी तिलापियाच्या मायदेशींच तिचा शुद्ध वंश आज धोक्यांत आहे! नाईल नदीकडील तिची चुलत जात तेथील पाण्यांत सोडली गेली व दोघींचा संकर होत गेला. तीच नाईलची जात आतां आपल्याही नद्यांत पोंचली आहे. येथें जिला आपण उपरी म्हणतों, ती माहेरींही परकी होत चालली आहे.

हें वाचतांना मला निघतेवेळचा प्रसंग आठवला. म्हाताऱ्यानें विचारलें होतें, "पाव्हणं, तुमचं गाव कंचं?"

"माकणीच," मी म्हणालों.

त्यानें मला नखशिखांत न्याहाळलें. "असंल, असंल," म्हणत चार मासे माझ्या पिशवींत टाकले. मीं पैसे पुढें केले, तेव्हां त्यानें हात मागें घेतला.

"ऱ्हाऊ द्या. पाव्हण्याकडनं पैसं कसं घ्यायचं?"