पाण्याखालचा पंख

अमेरिकेतील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या सीमेवर मिसिसिपी नदी एकाएकी रुंदावते आणि सुमारे ३५ किलोमीटर लांबीचे सरोवर होऊन पसरते. त्याचे नाव लेक पेपिन. या सरोवराकाठच्या लेक सिटी गावात १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने पाण्यावर उभे राहण्याचा ध्यास घेतला. पिंपाच्या फळ्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या, जमेना. अखेर त्याने पाईनच्या दोन लांब फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या हंड्यात त्यांची टोके उकळून वर वाकवली आणि भावाने चालविलेल्या बोटीमागे दोरी धरून तो पाण्यावर उभा राहिला. जलस्कीचा जन्म येथला, असे अमेरिकेत मानतात. आम्ही उभयतां गेली कित्येक वर्षे या सरोवरापासून तासाभराच्या अंतरावर राहत आहोत. आमची लहानशी बोटही आहे. तेव्हा पाण्यावरचा एखादा छंद आमच्या घरात शिरावा, यात नवल नाही.

यंदा मात्र तो वेगळ्या कारणाने शिरला. आमची सतरा वर्षांची कन्या जलस्कीत तरबेज. गेल्या शरदात फुटबॉल खेळताना तिच्या उजव्या गुडघ्यातील बंध तुटला, शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे दहा महिने व्यायाम, पट्टा आणि मौन यांत गेले. गुडघा बरा झाला, पण मुलगी सरोवराकडे पाठ करून बसू लागली. स्कीच्या बोटीचा वेग ताशी ४५ ते ५० किलोमीटर. त्या वेगात पडले तर पाणी दगडासारखे लागते. डॉक्टरांनी स्कीला स्पष्ट नकार दिला होता. ऑगस्टअखेर ती कॉलेजला जाणार, आणि आमच्या छपराखालचा तिचा हा शेवटचा पूर्ण उन्हाळा. अशा वेळी तिनेच एके दिवशी विचारले, “डॅडी, फॉइल चालेल का?” व्यायामतज्ज्ञ बाईंनी बराच विचार करून दोन अटी घातल्या: पाय बोर्डाला बांधायचे नाहीत, आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवायचा. आमची पुढची सारी खरेदी या दोन अटींच्या चौकटीत झाली.

हायड्रोफॉइल म्हणजे पाण्याखाली चालणारा पंख. विमानाचा पंख हवेत जे करतो तेच हा पाण्यात करतो, आणि पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असल्यामुळे हातभर पंखही माणसाला उचलू शकतो. कल्पना जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर अशी नौका चालवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या फॉइल नौकेने १९१९ मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. बोटीमागे बसून जायची फॉइलची खुर्ची १९८० च्या दशकात अमेरिकेत आली, आणि उभ्याने चालवायच्या बोर्डाचे वेड त्यानंतर, विशेषतः गेल्या दहा वर्षांत पसरले. बोर्ड एकदा पाण्याबाहेर उचलला गेला की पाण्यात राहतो तो केवळ पंख आणि त्याची दांडी. लाटांचे हादरे पायापर्यंत पोचतच नाहीत. दुखऱ्या गुडघ्याला याहून सुखाचे वाहन कोणते?

बोर्ड आणि पंख यांना जोडणाऱ्या उभ्या दांडीला मास्ट म्हणतात. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर डोलकाठी म्हटली की ती आकाशाकडे बघणार; ही मात्र खाली पाताळाकडे बघते. मास्टच्या तळाशी आडवी नळी असते, तिला फ्युजलाज म्हणतात. तिच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला लहान पंख. मोठा पंख उचलतो, लहान पंख तोल सांभाळतो. एवढाच हा सारा संसार.

एका दुकानात आम्ही चौकशीला गेलो. विक्रेत्याने आमचे बोलणे पुरते ऐकून न घेताच कार्बन फायबरचा ९० सेंटिमीटरचा मास्ट आणि लांब, चिंचोळा, सुरीसारखा पंख पुढे ठेवला. “हा घेतलात की पुन्हा काही घ्यावे लागणार नाही,” हे त्याचे वाक्य. वस्तू देखणी होती यात शंका नाही. किंमत आमच्या पहिल्या जुन्या मोटारीएवढी होती. नवशिक्याला ती वस्तू नको, असे आमचे ठाम मत आहे, आणि त्याची कारणे पैशापलीकडची आहेत.

पहिले कारण मास्टची लांबी. मास्ट जेवढा लांब, तेवढ्या उंचीवरून पडायचे. नवशिक्याच्या हाती तोल नसतो. बोर्ड वर चढू लागला की तो चढतच जातो, पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्याच्यावर हवा शिरते आणि उचल एका क्षणात नाहीशी होते. मग बोर्ड, माणूस आणि पंख एकदमच खाली येतात. ४५ ते ६० सेंटिमीटरच्या मास्टवर हे अनेकदा घडते, पण उंची कमी म्हणून इजा कमी. लांब मास्ट शिकलेल्याला उपयोगी: लाटेवरून जाताना त्याला वाव मिळतो, वळताना पंख पाण्यात राहतो. काही उत्पादक क्रमाने लांब होत जाणाऱ्या मास्टचा संचच विकतात, ती कल्पना आम्हांला फार शहाणपणाची वाटते. आम्ही ६० सेंटिमीटरचा एकच घेतला.

दुसरे कारण पंख. लांब, चिंचोळा पंख पाण्याला कमी अडवतो आणि दूरवर तरंगत जातो, पण वेग थोडा कमी झाला की तो न सांगता उचल सोडतो. जाड, रुंद, आखूड पंख चूक पोटात घालतो. शिवाय तो हळू वेगातही उचलतो, आणि आमच्या अटीत हळू वेगच तर बसत होता. येथे एक हिशेब वाचकांनी ध्यानी घ्यावा. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १३ किलोमीटरवरून बोट १६ वर गेली तर उचल जवळजवळ दीडपट होते. म्हणून पंख मोठा असला की बोट चालवणाऱ्याचा हात हलका आणि स्थिर लागतो. जरा जोर झाला की स्वार आकाशात.

आता आमच्या घरातील वजने पाहा. आमच्यापैकी एकाचे ८४ किलो, कन्येचे ५५, तिच्या आईचे तिच्यापेक्षा थोडे अधिक, धाकट्याचे ४०. एकच पंख सर्वांना चालेल हे विक्रेते सांगतात, पण ते खरे नव्हे. जड माणसाला बेताचा असलेला पंख हलक्या मुलीला फुग्यासारखा वर ढकलतो. तेव्हा आम्ही एकाच फ्युजलाजवर बसणारे दोन पंख निवडले: १,७०० चौरस सेंटिमीटरचा जडांसाठी आणि १,३०० चा कन्येसाठी व तिच्या आईसाठी. धाकट्याला ४५ किलो होईपर्यंत थांबायला सांगितले. तो दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बोलला नाही.

धातूचा प्रश्न आम्ही लवकर सोडवला. ॲल्युमिनियमचा मास्ट जड खरा, पण स्वस्त, मजबूत आणि नवशिक्याच्या धसमुसळेपणाला पुरून उरणारा. खाऱ्या पाण्यात मात्र ॲल्युमिनियमला पोलादी स्क्रू जडून बसतात, एकाला दुसरा खातो. त्यासाठी स्क्रूंना वंगण लावावे, प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावे आणि भाग सुटे करून ठेवावेत. आमचे सरोवर गोडे असूनही आम्ही ही शिस्त पाळतो.

बोर्ड आम्ही वापरलेला घेतला. दीड मीटरच्या आसपास लांब, रुंद, पुढचे टोक वर उचललेले, कडा खालून तिरप्या कापलेल्या. म्हणजे बोर्ड परत पाण्याला टेकला तरी नाक खुपसत नाही. पायपट्टे त्यावर होते, ते काढून टाकले. जुना बोर्ड घेताना तळाच्या दोन समांतर खाचा पाहाव्यात. त्यांच्यातील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ९० मिलिमीटर असेल तर बहुतेक उत्पादकांचे मास्ट त्यात बसतात. या खाचांत मास्ट पुढेमागे सरकवता येतो, ही फार उपयोगाची सोय आहे. पुढे सरकवला की उचल वाढते, मागे घेतला की बोर्ड शांत होतो. कन्येसाठी पहिल्या दिवशी आम्ही तो पुरता मागे घेतला.

हेल्मेट आणि तरंगवणारे जाकीट यांवर वाद नको. पाय मोकळे असल्याने गुडघा पिळत नाही, पण पडताना पाय पंखाच्या दिशेने जाऊ शकतो आणि त्या कडा बोथट नसतात; म्हणून पोटऱ्यांपर्यंतचा निओप्रिनचा पोशाख.

खरी परीक्षा बोटीची होती. फॉइलला लागणाऱ्या वेगात पुष्कळ बोटी नाक वर काढून पाणी नांगरतात; चालकाला पुढचे दिसत नाही आणि मागे मोठी लाट उठते. आमची बोट हलकी, त्यात एकाने पुढे बसले की ती समोर झुकते. दोरी १८ मीटर, न ताणणारी. बोटीच्या पंख्यामागचा पांढरा फेसाळ पट्टा टाळायचा, कारण हवा मिसळलेल्या पाण्यात फॉइलला पकड राहत नाही. पाण्याची खोली निदान दोन मीटर हवी. सुकाणू तिच्या आईने घेतले, कारण घरात स्थिर हात तोच. धाकट्याला मागे पाहण्याचे काम दिले. स्वार पडला की त्याने हात वर करायचा आणि इंजिन मंद व्हायचे, जवळ पोचताच बंद.

जुलैच्या एका सकाळी, वारा उठण्यापूर्वी, आम्ही निघालो. पहिल्या दिवशी कन्या केवळ पालथी पडून ओढली गेली. दुसऱ्या दिवशी उभी राहिली, पण सारा भार पुढच्या पायावर ठेवून बोर्ड पाण्यालाच चिकटवून ठेवला. तसेच करायचे असते. पडायचे झाल्यास बाजूला, लांब, सपाट पडायचे, डोके खाली घालून नव्हे. हेही तिने मुद्दाम दहा वेळा करून पाहिले. चौथ्या फेरीत तिने पुढचा पाय किंचित हलका केला. बोर्ड वीतभर वर आला. पाण्याचा खळखळाट एकदम थांबला, केवळ मास्टची बारीक शीळ ऐकू येत राहिली. सात-आठ सेकंद असतील. तिच्या आईने मागे वळून पाहिले नाही, वेगमापकावरची नजर तिने हलू दिली नाही. धाकट्याचा हात वर गेला नाही एवढेच तिला पुरेसे होते.

ऑगस्टअखेरपर्यंत कन्या लेक सिटीच्या धक्क्यासमोरून पाव मैल न टेकता जाऊ लागली. गुडघ्याला सूज आली नाही. लांब मास्ट घेण्याचा विषय निघाला, तो आम्ही पुढल्या उन्हाळ्यावर ढकलला. शेवटच्या दिवशी बोट बाहेर काढली, तळाचे बूच काढून पाणी वाहू दिले. सरोवरात झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव आहे आणि बूच काढणे हा मिनेसोटाचा कायदा आहे. पंख पुसून सुटे केले. कॉलेजला निघताना कन्येने स्क्रूंची डबी आणि किल्ली भावाच्या हाती दिली. तो हल्ली रोज सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो. काटा ४३ वर आहे.