चेहरा नसलेली सू

अमेरिकेतल्या जुन्या क्विल्टवर, म्हणजे तिकडच्या गोधड्यांवर, एक मुलगी सारखी भेटते. एका बाजूला वळलेली, डोक्यावर भली मोठी कापडी टोपी, खाली घेरदार फ्रॉक, एक बाही, एक बूट. चेहरा मात्र कुठेच नाही. तिचं नाव सनबॉनेट सू. अमेरिकेच्या दक्षिण भागात तिलाच डच डॉल म्हणतात. ज्या घरात बाहुलीला डोळे काढावेत की नाही यावर नानी आणि अम्मीची हुज्जत चालायची, तिथे वाढलेल्या मला ही मुलगी लगेच आपल्यातली वाटली.

चेहरा लपवण्यामागचं कारण मात्र वेगळं होतं. बर्था कॉर्बेट या चित्रकर्तीने १९०० मध्ये 'द सनबॉनेट बेबीज' हे पुस्तक काढलं. चेहरा न दाखवताही भाव दाखवता येतात, हे तिला सिद्ध करायचं होतं, असं सांगतात. १९०२ मध्ये याच मुलींचं, युलाली ग्रोव्हरच्या मजकुरासह, मुलांसाठी पहिलं वाचनपुस्तक निघालं. पुढे इतर चित्रकारांनीही त्या उचलल्या. पोस्टकार्डांवर या मुली सोमवारी धुणं धुवायच्या, मंगळवारी इस्त्री करायच्या. मान कशी वाकली, हात कुठे गेला, यावरून सगळं कळायचं.

कापडावर येताना हेच हरवलं. १९१२ मध्ये मेरी वेब्स्टरच्या अशा मुलींचा क्विल्ट 'लेडीज होम जर्नल'मध्ये छापून आला. नंतर वर्तमानपत्रं नमुने देऊ लागली. एकट्या 'कॅन्सस सिटी स्टार'ने १९२८ ते १९६१ या काळात शेकडो छापले. मंदीच्या दिवसांत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील पिशव्यांचं कापडही बायका वापरत. सू त्या कापडाला अगदी सोयीची. टोपी, फ्रॉक, बाही, बूट, एवढेच तुकडे कापायचे आणि चौकोनावर टाचायचे. नाक-डोळे भरायची कटकट नाही. पण धुणं-इस्त्री करणारी ती मुलगी चौकोनात नुसती उभी राहिली.

१९७९ मध्ये कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या काही शिवणाऱ्या बायकांना या गोड, गप्प मुलीचा वीट आला. त्यांनी 'द सन सेट्स ऑन सनबॉनेट सू' नावाचा क्विल्ट केला. त्यात प्रत्येक चौकोनात सू वेगळ्या तऱ्हेने मरते! मला हसू आलं, आणि त्यांचा राग पटलाही. झाकलेलं डोकं दिसलं की आत काही नसणारच, असं धरून चालणारे लोक मीही पाहिलेत. त्यांना उत्तर द्यायला सुई वापरायची हे मात्र मला सुचलं नसतं.

तरी सूच्या बाजूने एक सांगायला हवं. आमच्या गोधडीत चित्र नसतं, नुसते तुकडे आणि धावदोरा. पण नानी बोट ठेवून सांगायची, हा तुझ्या ईदच्या फ्रॉकचा, हा मामूच्या कुर्त्याचा. सूचा फ्रॉकही बहुतेकदा घरातल्याच कुणाच्या तरी फ्रॉकमधून उरलेला. पांघरुणात शिरलेल्या मुलीला तिचं तोंड दिसत नव्हतं, कापड मात्र ओळखीचं होतं. लॉरेन्सच्या बायकांनीही मरणाऱ्या सूला शेवटपर्यंत चेहरा दिला नाही. टोपी तेवढी नीट दुमडून शिवली.