वाडीच्या मापाचा ट्रॅक्टर

दापोलीच्या बाजूला जमीन सातबाऱ्यावर गुंठ्यांत मोजलेली असते. चालणाऱ्याला मात्र ती चढ-उतारांनी मोजावी लागते. आमची सारी मिळून चार एकर. वर कातळाचा सडा, त्याच्याखाली हापूसची कलमं, मग घर आणि गोठा. घरामागे ऐन, किंजळ, जांभूळ आणि फणसांची दाट राई, आणि अगदी तळाला पऱ्याच्या काठाने नारळी-पोफळीचं आगर. घरातून आगरात उतरायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे. शेणखत खाली गेलं ते डोक्यावरच्या पाटीतून, आणि नारळ वर आले तेही डोक्यावरूनच. ज्यांच्या डोक्यावरून हे सगळं आलं-गेलं ती माणसं आता सत्तरीला टेकली आहेत. त्यांची मुलं मुंबईत, पुण्यात. वाडीला पहिला ट्रॅक्टर घ्यावा, हा विचार हौसेतून आला नाही. पाटी उचलायला कुणी उरलं नाही म्हणून आला.

त्या विचाराला धार आली ती ३ जून २०२० नंतर. 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि केळशी-आंजर्ल्यापर्यंतची आगरं एका दुपारी आडवी झाली. पडलेला माड नुसता पडून राहत नाही. त्याच्या कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे तोच उभ्या माडांचे शेंडे पोखरतो. म्हणून खोडं लवकर बाहेर काढायला हवी होती. जेसीबी अरुंद पाणंदीच्या तोंडाशीच अडला. उरलं ते करवतीने तुकडे करणं, दोरखंड लावणं आणि चार माणसांनी मिळून ओढणं. पाऊस तोंडावर होता, माणसं अपुरी होती, आणि ओढून काढायच्या खोडांना अंत नव्हता. एखादं बेताचं यंत्र झाडांमधून वाट काढत खालपर्यंत येऊ शकलं असतं तर, असं त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक आगरात कुणी ना कुणी म्हणालं असेल.

यंत्र घ्यायचं म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. सांगलीकडचे आमचे साडूभाऊ उसाचे बागायतदार. ते म्हणाले, "घेताय तर पन्नास अश्वशक्तीचा घ्या. लहान घेऊन पस्तावाल." त्यांच्या काळ्या रानात ते खरंच आहे. तिथं पल्टी नांगर खोल घालायचा असतो, भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या कारखान्यापर्यंत ओढायच्या असतात आणि वळायला आख्खा बांध मोकळा असतो. पण पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन आणि पावणेदोन मीटरची रुंदी. आमच्या पाणंदीला एक वळण आहे. तिथं एका अंगाला गडगा आणि दुसऱ्या अंगाला जुना फणस. त्या जागी फणसाची मुळी आणि गडग्याचा दगड यांच्यामध्ये टेप लावली, तर दीड मीटरही भरत नाही.

"मग फणस काढा की," असं म्हणणारेही भेटले. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४ पासून कायदा आहे आणि फणस, आंबा, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी झाडं त्याच्या यादीत आहेत. परवानगी मागता येते, कधी मिळतेही. पण त्या फणसाच्या सावलीत माझ्या आत्याने आयुष्यभर भारे टेकवले. त्याचे गरे घरात वाळले, आठळ्या चुलीत भाजल्या गेल्या. शिवाय पावसाचं पाणी डोंगरावरून येतं तेव्हा गडगा आणि पाणंद जागेवर धरून ठेवतात त्या त्याच मुळ्या. तिथं माझा निर्णय झाला. यंत्र फणसाच्या मापाने निवडायचं, फणस यंत्राच्या मापाने नाही. त्यानंतर ट्रॅक्टरची माहितीपत्रकं बाजूला ठेवली आणि आधी वाडी मोजायला घेतली.

मोजमापाची ती सकाळ मला फार आवडली. माडांच्या दोन ओळींत साडेसात मीटरचं अंतर, पोफळींत जेमतेम २.७ मीटर. पूर्वजांनी ही अंतरं फळासाठी ठेवली, चाकांसाठी नाही. लहान ट्रॅक्टरची वळण्याची त्रिज्या साधारण सव्वादोन ते अडीच मीटर असते, असं वाचलं होतं. आत्याने माडांच्या दोन ओळींच्या मधोमध दोरीचं एक टोक पायाखाली दाबून धरलं आणि मी अडीच मीटरवर राख सोडत गोल फिरलो. पाच मीटर व्यासाचं वर्तुळ दोन ओळींत नीट बसलं. पण नारळाचं आळं जवळजवळ पावणेदोन मीटर त्रिज्येचं असतं, आणि राखेची रेघ दोन्हीकडच्या आळ्यांवरून गेली होती. आत्या तिथंच म्हणाली, "अरे, इथं वळवू नकोस. मुळं इथंच असतात." खरंच होतं. पोफळीत तर वळण्याचा प्रश्नच नव्हता. तिथं एका टोकाने शिरायचं आणि सरळ दुसऱ्या टोकाला निघायचं. म्हणजे वळायच्या जागा आगराबाहेर, पऱ्याच्या आणि पाखाडीच्या अंगाला ठेवाव्या लागणार. राखेच्या त्या एका रेघेने सगळं सांगितलं: आगरात ट्रॅक्टर ओझं वाहायला येईल, जमीन उकरायला येणार नाही. रोटाव्हेटर वरच्या भाताच्या कुणग्यांत आणि भाजीच्या तुकड्यात चालेल. झाडांच्या मुळांवर नाही.

एवढं ठरल्यावर निवड आपोआप अरुंद झाली. पॉवर टिलर स्वस्त आणि चिवट. कोकणातल्या कितीतरी कुणग्यांची चिखलणी त्याने केली आहे. पण दिवसभर त्याच्या मागून चालत, दांडे पेलत फिरायला भक्कम खांदे लागतात, आणि नेमके तेच घरात उरले नव्हते. स्वराज कोडसारखं अकरा अश्वशक्तीचं यंत्र अरुंद ओळींतून सहज जातं. भरलेल्या ट्रॉलीसह आमचा चढ चढायला मात्र ते कमी पडेल असं वाटलं. त्यापुढचा गट चोवीस अश्वशक्तीच्या आसपासचा: महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१. मीटरभर रुंदी, टनाच्या आतबाहेर वजन आणि चारही चाकांना जोर. बैलजोडीची ताकद मोजली तर ती एका अश्वशक्तीच्या जवळपास भरते. त्या हिशेबाने चोवीस म्हणजे आमच्या चार एकरांना भरपूर होते.

अशा लहान ट्रॅक्टरला एक जुनं घराणं आहे आणि ते मला जवळचं वाटतं. आयर्लंडमधल्या डाऊन परगण्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, हॅरी फर्ग्युसन. नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने न ओढता तीन सांध्यांनी अंगालाच जोडायचा आणि हायड्रॉलिकने उचलायचा, ही त्याची कल्पना. नांगराचा भार त्यामुळे मागच्या चाकांवर येतो, चाकं घसरत नाहीत आणि हलकं यंत्रही जड काम करतं. १९४६ मध्ये कॉव्हेंट्रीत त्याचा टीई-२० तयार होऊ लागला. तोही टनाहून थोडासाच जड, वीस-पंचवीस अश्वशक्तीचा, आणि दहा वर्षांत त्याचे पाच लाखांहून अधिक नग निघाले. वजन वाढवत नेण्याऐवजी जोडणी सुधारावी, ही लहान शेतकऱ्याच्या बाजूने झालेली मोठी गोष्ट होती. आज आपल्याकडचा शेतकरी ज्याला नुसतं 'लिफ्ट' म्हणतो, ती तीच.

अश्वशक्तीपेक्षा उताराची गोष्ट महत्त्वाची, हे मला खेडच्या बाजारातल्या एका फिटरने शिकवलं. आम्ही इंजिनाकडे बघत होतो. तो म्हणाला, "दादा, इंजिन नंतर बघा. आधी मागे या." त्याने मागच्या आसाच्या खाली असलेली हुकाची पट्टी दाखवली. "लाकूड ओढायचं ते इथूनच. साखळी वरच्या सांध्याला बांधाल तर पुढची चाकं उचलतील, आणि उडी मारायलाही वेळ मिळणार नाही." त्याने बोटाने हवेत एक कमान काढली आणि माझ्या अंगावर काटा आला. रानातलं खोड मुळीला अडकतं, चालवणारा जोर वाढवतो, आणि सगळा ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती उलटा फिरतो. अशा अपघातांतून माणूस वाचावा म्हणून स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली. आमच्यासारख्या उताराच्या जमिनीवर ती चौकट आणि सीटचा पट्टा नसलेलं यंत्र घ्यायचं नाही, हे मी त्याच क्षणी पक्कं केलं.

दुसरी गोष्ट त्याने चाकाजवळ बसून सांगितली. लहान ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या जांभ्यावर ती नुसती घसरत जातात. फोर व्हील जोडलेलं असलं तर पुढची चाकंही त्या धरण्यात सामील होतात. म्हणून ते फक्त चढायला असतं असं समजू नये, उतरायला त्याची गरज जास्त. ज्या गिअरमध्ये चढ चढवला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि मागे ट्रॉली असेल तर मध्येच क्लच दाबायचा नाही, कारण ट्रॉली ढकलत येते. मागच्या टायरांत हवेबरोबर पाणी भरलं तर वजन खाली राहतं आणि यंत्र जमिनीला धरून चालतं. हे सांगताना तो टायरच्या कुशीवर तळवा ठेवून होता. त्याचं दुकान आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. सुटा भाग आज सांगितला तर कुठल्या कंपनीचा उद्या येतो आणि कुठल्याचा आठवड्याने, हेही त्याने न विचारता सांगितलं. शेवटी दोन सारख्या यंत्रांतून एक निवडताना याच गोष्टीचं पारडं जड झालं.

खर्चाची बाजूही मनावर होतीच. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला, सातबारा आणि आठ-अ जोडले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, त्याने थोडा हात मोकळा झाला. वाचलेल्या पैशांत मी ट्रॅक्टरची अश्वशक्ती वाढवली नाही. एक लहान ट्रॉली घेतली, आणि पीटीओवर चालणारं झाप-पातेरा कुटायचं यंत्र शेजारच्या तीन घरांबरोबर मिळून घेतलं. आगरात दरवर्षी पडणारे झाप, पोफळीच्या विऱ्या आणि राईतला पातेरा आता बारीक होऊन झाडांच्या बुंध्याशी परत जातो. पूर्वी यातलं बरंच जळून जायचं. चार घरांनी एका यंत्राभोवती जमणं हा एकमेकांच्या कामाला धावून जाण्याचा जुना रिवाज आहे, आणि ट्रॅक्टरच्या निमित्ताने तो पुन्हा जिवंत झाला याचा मला मनापासून आनंद आहे.

राईचा बराच भाग ट्रॅक्टरच्या वाटेबाहेर आहे आणि तो तसाच राहणार आहे. पावसाळ्यात आगराची माती लोण्यासारखी मऊ असते. तेव्हा चाकं तिथं उतरणार नाहीत, कारण ओल्या मातीवरून एकदा गेलेलं चाकसुद्धा तिला दाबून टाकतं आणि मुळांना श्वास पुरत नाही. काही कोपऱ्यांत कोयताच चालेल, काही ओझी पाखाडीनेच वर येतील. याला मी यंत्राची उणीव मानत नाही. झाडांखाली, सावलीखाली, मुळांखाली असलेल्या जमिनीत यंत्राला मर्यादा असायलाच हव्यात, आणि त्या आधी ठरवल्या तरच यंत्र आपलं काम करतं.

कोकणातल्या लहान वाड्या ओस पडत आहेत त्या जमीन नापीक झाली म्हणून नव्हे, तर ती राखणारी पाठ थकली म्हणून. त्या पाठीवरचं ओझं जे उतरवेल आणि त्यासाठी एकही उभं झाड मागणार नाही, तेच यंत्र अशा घरात यावं. पहिला ट्रॅक्टर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: दुकानात जाण्याआधी आपल्या पाणंदीतलं सगळ्यात अरुंद वळण मोजा, आणि वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन मोजा. झाडं उभी राहिली आणि ती राखणारी माणसं त्यांच्यात राहिली, की निवड बरोबर झाली असं समजायचं.