दम धरा!

धीराची वाण आमच्या सिरसाळ्यात कधी पडली नाही. पाण्याची पडते, कामाची पडते, एखादे दिवशी एस. टी.चीही पडते, पण धीर म्हणाल तर तो घरोघरी कणगीत भरून ठेवलेला आहे. मृगाची वाट पाहावी, मृग कोरडा गेला तर आर्द्राची पाहावी, पेरलेले उगवले नाही तर घरातले किडूकमिडूक मोडून दुबार पेरणी करावी आणि पुन्हा आभाळाकडे तोंड करून बसावे, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. परळीहून बीडकडे निघालेल्या प्रवाशाला आमचे गाव दिसते ते काळ्या रानांच्या मधोमध. या रानांनी आम्हांला आणखी काही दिले असो वा नसो, दम धरायला मात्र शिकवले आहे.

आणि हीच माणसे क्रिकेटचा सामना सुरू झाला, की तीन चेंडूंत धीर सोडतात! कपाशीच्या बोंडासाठी पाच-पाच महिने थांबणारा गृहस्थ एखाद्या कोवळ्या फलंदाजाला एका षटकाची मुदत द्यायला राजी नसतो. "काढा त्याला भाईर!" असे तो चहाच्या हॉटेलातून ओरडतो. सामना मेलबर्नला चाललेला असला, तरी आपला आवाज निवड समितीच्या कानांवर गेला अशीच त्याची खात्री असते.

मला याचे पुष्कळ दिवस नवल वाटे. एकाच माणसाच्या पोटात इतका धीर आणि इतकी घाई एकत्र कशी नांदते? विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली. कोंब फुटला की नाही हे पाहण्यासाठी शेतकऱ्याने माती उकरली, तर बियाणे त्याचेच वाया जाते. मैदानावरची गोष्ट निराळी. तिथे उतावीळ आपण व्हायचे आणि त्याचे मोल दुसऱ्याच्या पोराने मोजायचे! स्वतःच्या खिशाला चाट बसत नसली, म्हणजे माणूस मोठा कडक परीक्षक होतो.

घाई नेहमी रागातूनच येते असे मात्र नाही. पुष्कळदा ती मायेतून येते, आणि मायेची घाई अधिक जाच करते. २०२४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट आठवून पाहा. दक्षिण आफ्रिकेत एकोणीस वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा चालली होती आणि भारताच्या संघात आमच्या बीडचा सचिन धस होता. ज्याच्यावरून नाव ठेवले तो सचिन कोण, हे सांगायला नकोच. २ फेब्रुवारीला नेपाळविरुद्ध त्याने ११६ धावा काढल्या. ६ तारखेला बेनोनीला उपान्त्य सामना झाला. दक्षिण आफ्रिकेने २४४ धावा केल्या होत्या आणि भारताचे चार गडी ३२ धावांत तंबूत परतले होते. तिथून आमच्या सचिनने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी रचली. तो ९६ वर बाद झाला, सहारनने ८१ केल्या आणि भारत दोन गडी राखून जिंकला.

त्या रात्री सिरसाळ्यात एकेका मोबाइलवर सात-सात डोकी वाकलेली होती. शतक चार धावांनी हुकल्याची हळहळ अशी, की जणू चार पोती कापूस भिजला! दुसऱ्या दिवशी हॉटेलात प्रश्न एकच. "आता हा मोठ्या संघात कव्हा?" पोराला एकोणीस वर्षे नुकतीच पुरी झाली होती. पुढे ११ तारखेला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७९ धावांनी हरवले आणि सचिन ९ धावांवर बाद झाला. त्याच बाकावरून, त्याच तोंडाने उद्गार निघाले, "मोठ्या सामन्यात ढेपाळला!" पाच दिवसांत पोराला हत्तीवर बसवून झाले आणि खालीही ओढून झाले. फलंदाज तोच होता, बॅटही तीच होती. बदलले ते आमचे तोंड.

अशा वेळी मला अजिंक्य रहाणेची आठवण काढावीशी वाटते. तो जन्माने आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा. त्या जिल्ह्याला तेव्हा अहमदनगर म्हणत, आता अहिल्यानगर म्हणतात. वाढला डोंबिवलीत. २०११ च्या नोव्हेंबरात तो कसोटी संघात निवडला गेला, पण अकरा जणांत नाही. पुढे सुमारे सोळा महिने तो संघाबरोबर हिंडला, सराव केला, पाणी नेऊन दिले आणि बसून राहिला. अखेर मोहालीच्या कसोटीत पदार्पणातच १८७ धावा करणाऱ्या शिखर धवनला दुखापत झाली, तेव्हा मार्च २०१३ मध्ये दिल्लीला याला दार उघडले. सोळा महिन्यांची शिदोरी घेऊन गडी आत गेला आणि त्याने धावा किती केल्या? पहिल्या डावात ७ आणि दुसऱ्या डावात १.

आमच्या हॉटेलातल्या न्यायासनापुढे हा खटला आला असता, तर निकाल एका मिनिटात लागला असता. सुदैवाने तसे झाले नाही. त्याला पुन्हा संधी मिळाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला ११८, त्याच वर्षी लॉर्ड्सवर १०३, आणि डिसेंबर २०२० मध्ये, ॲडलेडला ३६ धावांत सगळा संघ गारद झाल्यानंतरच्या कसोटीत, मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२! आठ धावांच्या त्या कसोटीवरच दप्तर बांधून ठेवले असते, तर मेलबर्नचा तो दिवस कुठून आला असता?

एवढ्यावर हा निबंध संपवता आला असता, तर किती सोय झाली असती! 'धीर धरा, फळ मिळते' हा सुविचार मी तीस-बत्तीस वर्षे शाळेच्या फळ्यावर लिहीत आलो. पण फळ्याला लिहायची बाजू एकच असते. मैदानाला चार असतात. फळ्यावर न मावलेली बाजू मला दिसली ती गावातल्याच सामन्यांत.

दोन-तीन वर्षांमागची दिवाळी. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या एका रानात पोरांनी टेनिसच्या चेंडूचे सामने भरवले होते. आमच्या संघात सलामीच्या जोडीतली एक जागा रिकामी होती आणि उमेदवार दोन होते. एक परळीच्या कॉलेजात शिकणारा. त्याची बॅट अशी सरळ खाली यायची, की पाहणाऱ्याचे डोळे निवावे. दुसरा ऊसतोड्याचा मुलगा. त्याच्या खेळात नजाकत नव्हती, पण मनगटात ताकद होती आणि चेंडूवर नजर घारीसारखी. मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा आमचा कर्णधार मोठा समजूतदार. त्याने पहिल्याला पसंती दिली. पहिल्या सामन्यात कॉलेजकुमार ४ वर बाद, दुसऱ्यात शून्यावर, तिसऱ्यात ९ वर.

बांधावर गलका सुरू झाला. "आरं, दुसऱ्याला घ्या की!" कर्णधार माझ्यापाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, पोरगं खेळणारं हाय. तुम्ही तरी सांगा ह्यांना, दम धरा म्हणावं." त्याचे म्हणणे मला पटले. मी तसे सांगितलेही. माझ्या शेजारीच त्या दुसऱ्या मुलाचे वडील उकिडवे बसले होते. त्यांनी आरडाओरड केली नव्हती. ते हलकेच म्हणाले, "कव्हर धरायचा, गुरुजी? भाऊबीज झाली की टोळी निघती."

आमच्या भागातल्या वाचकांना यापुढे सांगण्याची गरज नाही. दूरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळीच्या सुमारास इथल्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि बहुधा खर्चूनही झालेली असते. नवराबायकोच्या जोडीला तिकडे माणसे म्हणत नाहीत, 'कोयता' म्हणतात. त्या वर्षी थोरल्या भावाच्या जागी हा मुलगा फडात जायचा होता. कॉलेजकुमारापुढे डिसेंबर होता, जानेवारी होता, उन्हाळ्याची सुट्टी होती. याच्यापुढे फक्त सहा दिवस होते.

चौथ्या सामन्यात कॉलेजकुमाराने ४३ धावा ठोकल्या आणि आम्ही जिंकलो. कर्णधाराला पोरांनी खांद्यावर घेतले. "ह्याला म्हणतात दम!" असे सगळे म्हणू लागले, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. कर्णधाराचा निर्णय बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. पण त्या वेळी दुसरा मुलगा तुरीच्या ओळींत शिरून षटकाराचा चेंडू शोधत होता. चेंडू सापडला तेव्हा त्याने तो वर करून दाखवला, आत फेकला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचा ट्रॅक्टर गेला.

तेव्हापासून 'दम धरा' हे शब्द माझ्या तोंडून पूर्वीइतके सहज निघत नाहीत. जागा एक आणि पोरे दोन असली, की एकासाठी धरलेला दम दुसऱ्याच्या हिशेबातून वजा होतो. आपण औदार्य दाखवतो, पण ते औदार्य उधारीचे असते. आणि ती उधारी फेडतो तो बाहेर उभा असलेला.

मोठ्या मैदानांवर तरी दुसरे काय घडते? फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अभंग भागी केली, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून अमोल मुजुमदार बसला होता, हे थोड्यांना ठाऊक असते. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याच्या ११,१६७ धावा आणि ३० शतके झाली. पण भारताच्या मधल्या फळीत त्या काळी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून होते. त्यांना काढा असे कोणता शहाणा म्हणेल? कुणीच चुकले नव्हते, आणि तरी एका माणसाचे अख्खे आयुष्य पॅड बांधून गेले.

हाच अमोल मुजुमदार २०२५ च्या विश्वचषकात भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. साखळीत संघ ओळीने तीन सामने हरला. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज दोनदा शून्यावर बाद झाली होती. इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवले. लोकांनी तर सगळ्या संघालाच घरी बसवायचे ठरवले होते. पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, आणि उपान्त्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. सलामीची प्रतिका रावळ न्यूझीलंडविरुद्ध शतक करून नंतर जायबंदी झाली, तेव्हा मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावणे गेले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि भारताने विश्वचषक जिंकला. विजयाच्या जल्लोषात प्रतिका चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात आली आणि त्या आनंदात मिसळली. जागा एकच होती. पण त्या दिवशी दोघी मैदानावर होत्या. पॅड बांधून वाट पाहण्याचा अर्थ ज्याला पुरता कळला होता, असा माणूस त्या संघाचा प्रशिक्षक होता, याचा मला विशेष आनंद वाटतो.

मग आपण प्रेक्षकांनी करावे तरी काय? संघ निवडणे आपल्या हाती नाही, आणि ते ठीकच आहे. जागा दोन करणेही आपल्या हाती नाही. पण खेळणारे पोर चुकले म्हणून त्याला शिव्या देऊ नयेत, आणि आपला लाडका बाहेर आहे म्हणून आतल्याच्या बाद होण्याची वाट तर मुळीच पाहू नये. एवढे सांभाळले, तरी अर्धे काम झाले. उरलेले अर्धे थोडे कठीण आहे. टाळ्या वाजवताना मान जराशी वळवून सीमारेषेपलीकडेही पाहावे लागते.

आपल्या गावात दिवाळीच्या सुट्टीत सामने होतीलच. बांधावर बसून तुम्हीही "दम धरा" म्हणाल. जरूर म्हणा, कोवळ्या पोराला त्याची फार गरज असते. मात्र म्हणण्यापूर्वी पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला तो बारावा कोण, कुणाचा, गावात अजून किती दिवस आहे, एवढी विचारपूस करावी. आणि त्याचे नाव लक्षात ठेवावे. पुढच्या मोसमात त्याला नावाने हाक मारता यावी, इतके तरी त्याचे आपल्यावर येणे असते.