समृद्धीवरून आलेले मागी

आमच्या शेलूबाजारात नाताळ येतो तो तुरीच्या दिवसांत. शेंगा भरत आलेल्या असतात, कापसाची वेचणी चाललेली असते, सोयाबीन निघालेल्या वावरात हरभरा हिरवागार दिसत असतो. त्यामुळे घरात येशूजन्माचा गोठा उभारायला बाजारात जावं लागत नाही. भिंतींना तुराट्या, छपराला पऱ्हाट्या, खाली सोयाबीनचं कुटार. बैल तान्ह्या पोळ्याचा, लाकडी, एक चाक निखळलेला. नात तो गव्हाणीशी आणून उभा करते, बाळाच्या पाठीखालचं कुटार बोटानं चाचपते आणि विचारते, "आजी, हे त्याले टोचत असन नं?"

"मंग माह्या लुगड्याचा तुकडा आथर."

ती आथरते. पुन्हा चाचपून पाहते. मग पुढचा प्रश्न: बाळाला भेटायला पूर्वेकडचे ज्ञानी लोक, मागी, कोणत्या रस्त्यानं आले? उत्तर तिचं तिच्याकडेच तयार असतं. समृद्धी महामार्गानं आले, टोल भरला, शेलूबाजारला उतरले. उंटांचं तिला काही नवल नाही. कच्छकडचे रबारी मेंढ्यांचे कळप घेऊन वऱ्हाडातून फिरतात, तेव्हा त्यांच्या उंटांवर लादलेल्या खाटा, भांडी आणि मधूनच डोकावणारी कोकरं तिनं पाहिली आहेत. मागींच्या सोन्या-ऊदापेक्षा त्यांच्या खाटा कुठं टाकायच्या, ही तिला पडलेली पंचाईत.

घरातली मोठी माणसं हसतात. मला मात्र वाटतं, त्या घटकेला ती गोष्ट खरी धरून चालणारी घरात ती एकटीच असते. आम्हाला जन्मकथा पाठ आहे. तिला काळजी आहे ती बाळाला झोप लागेल की नाही याची.

येशूनं मुलांसारखं व्हायला सांगितलं. आम्ही त्याचा अर्थ सोयीनं लावून घेतला, की निमूट ऐकावं आणि शंका काढू नये. ज्यानं एक दिवस तरी पोर सांभाळलं आहे, त्याला हे पटायचं नाही. आणि सांगणारा स्वतः बोलायचा तरी कसा? मोहरीचा दाणा, पिठातलं खमीर, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. पेरणाऱ्याचा दाखला तर आमच्याकडे कोणाला समजावून द्यावा लागत नाही. वाटेवर सांडून पाखरांनी टिपलेलं बी, खडकाळ जागी उगवून करपलेलं रोप, काट्यांत दबलेलं पीक. दुबार पेरणीची पाळी आलेला माणूस हा दाखला पोटानं ऐकतो. पण तोच माणूस प्रार्थनेला बसला की मुलाची नोकरी, मुलीचं लग्न, सोयाबीनचा भाव अशी यादी वाचून आमेन म्हणतो. मागण्यात वावगं काही नाही. फक्त ज्याच्याजवळ मागतो, त्याच्याकडे डोळे उचलून पाहायचं राहून जातं.

असं मुलासारखं पाहण्याच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा आधार आहे. संस्कृतचा व्यासंग, वादाची हौस, स्वभाव तापट. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा वय ३३. एवढा पंडित माणूस, पुढं आयुष्यभर खंडनमंडन करीत बसला असता तरी कोणाला नवल वाटलं नसतं. मराठीनं त्यांना लक्षात ठेवलं ते फुलामुलांचे कवी म्हणून. ठोंबऱ्यांचा त्र्यंबक, म्हणजे आपले बालकवी, त्यांच्या नगरच्या घरात घरचा होऊन राहिला. ख्रिस्ताला टिळकांनी बैठकीतल्या खुर्चीवर बसवलं नाही. अभंगाच्या चालीवर त्याला माजघरापर्यंत नेलं आणि आई म्हणून हाक मारली.

टिळकांचं हे खेळकरपण सुखातलं नव्हतं. बाप्तिस्म्यानं संसार दुभंगला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' काव्य पुढं नेलं ते शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या या बाईंनी. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना कळतं, की दुःख सोसूनही माणसाला स्वतःवर हसता येतं आणि जगाकडे टवकारून पाहता येतं. श्रद्धेनं ही नजर विझवायची नसते.

कारण कल्पना मेली की दयाही आटते. येशूच्या दाखल्यातल्या जखमी वाटसरूजवळून दोघं धर्मशील माणसं निघून गेली, ती निर्दय होती असं मला वाटत नाही. आपण तिथं पडलो असतो तर, एवढंच त्यांना सुचलं नाही. त्यांच्यामागून आलेल्या परक्या शोमरोन्याला सुचलं. आमच्याच वाशीमला चर्च ऑफ द नाझरीनच्या लोकांनी १९३०च्या दशकात रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. परक्या मुलखातल्या बाळंतिणीची कळ आधी कोणीतरी मनात अनुभवली असेल, तेव्हाच कुठं अशा भिंती उठतात.

म्हणून घरातल्या पोरांना वचनं पाठ करायला जरूर लावावं, पण त्यांच्या प्रश्नांना घाईनं उत्तरं देऊ नयेत. "कुठं झोपले असतीन? काय जेवले असतीन?" असं ती विचारत असतील तर आपणही त्यांच्याबरोबर विचारावं. देवाच्या माणसांबद्दल हे विचारायची सवय लागली, की शेजारच्या माणसाबद्दलही तेच विचारल्यावाचून राहवत नाही.