नक्कल

रामनवमीला नागोठण्याला गेलो होतो. हायवेबद्दल काही बोलत नाही, नाहीतर पोस्ट त्यातच संपेल. :)

संध्याकाळी देवळात हौशी मंडळींचा गीतरामायणाचा कार्यक्रम होता. गाणारा पतपेढीत नोकरीला, चाळिशीचा. पण डोळे मिटले की थेट बाबूजी! तेच स्वच्छ उच्चार, तीच शब्दावर थांबायची पद्धत. शेजारी अप्पा मांडीवर ताल धरून बसले होते.

आणि मला माझंच एक वाक्य आठवलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच देवळात अप्पा अशीच गाणी म्हणायचे. कॉलेजमधून आलेल्या मला नको तितकी अक्कल फुटली होती. "अप्पा, ही नुसती नक्कल आहे. स्वतःचं काहीतरी गा ना," असं म्हणून मोकळा झालो. ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षापासून पेटी माळ्यावर गेली.

आता वाटतं, अस्सल तरी कुठलं? १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गदिमांचं पहिलं गीत लागलं, तेव्हापासून वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली. सीतेची गाणी माणिक वर्मांची, इतर पात्रांना इतर गायक. नंतर बाबूजींनी सगळी छप्पन्न एकट्याने गायली. रेडिओवरचं ते मूळ गीतरामायण आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलंय. आपण ज्याला मूळ म्हणतो तोही एक पुनःप्रयोगच! २००२ साली बाबूजी गेले, पण कार्यक्रम थांबले नाहीत. श्रीधर फडके करत आले, आणि गावोगावचे हौशीही.

माझा भाचा पिंक फ्लॉइडचा वेडा. त्याने सांगितलेली गंमत. ऑस्ट्रेलियात १९८८ पासून एक बँड फक्त पिंक फ्लॉइडचीच गाणी वाजवतो, सुरांपासून लाइटपर्यंत सगळं जसंच्या तसं. १९९६ साली खुद्द डेव्हिड गिल्मरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ते वाजवायला होते. ज्याचं त्याच्यासमोरच! मला एकदम कुश-लव आठवले. गीतरामायणाची सुरुवात तीच नाही का? रामासमोर रामाचीच गोष्ट गाणारी दोन पोरं. त्यांना कोणी नकलाकार म्हटलं नाही.

तर कार्यक्रमात एका गाण्याच्या अंतऱ्याआधी गायकाने हलकेच खाकरल्यासारखा श्वास घेतला आणि मी चमकलो. रेकॉर्डवर हे नाही. हे अप्पांचं! त्यांना दम लागायचा तिथे.

नंतर त्याला गाठून विचारलं. तो लाजला. म्हणाला, "आमच्या घरी टेपरेकॉर्डर कुठला? लहानपणी इथेच पुढे बसून काकांचं ऐकायचो. त्यावरच शिकलो. रेकॉर्ड फार नंतर ऐकली." आणि अप्पांच्या पाया पडला.

अप्पा एवढंच म्हणाले, "श्वास आधी घे रे. ती माझी चूक आहे."

घरी आल्यावर मी माळ्यावरून पेटी काढली. "भाता फाटलाय," अप्पा म्हणाले. पण ठेव परत, असं काही म्हणाले नाहीत. मला जे बोलायचं होतं ते अजून बोललेलो नाही.

पेण-रोह्याकडे पेटी दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर जरूर कळवा.